वास येतोय ना?

युफीमिया गिल्क्रिस्टच्या परसात
गुडघ्याच्या वर काही वाढत नाही.
वाऱ्याने तिच्याशी बोली केली आहे:
वीतभर राहा, मग आपलं भांडण नाही.

लग्नाच्या वर्षी लावले होते तिने
डेल्फिनियम, निळे, वऱ्हाड्यांसारखे ताठ.
एका रात्रीत सगळे आडवे.
लाखलन बोटीवरून आला, बघून म्हणाला,
डोलकाठीसुद्धा एवढी उंच ठेवत नाही आम्ही.

तेव्हापासून पिंक. नुसते पिंक.
जुन्या भिंतीतून पावसाबरोबर चुना झिरपतो,
त्या पायथ्याशी, खड्यांत, हलक्या मातीत,
निळसर राखी पात्यांच्या उशा,
आणि जून लागला की वर
नखुरड्या कात्रीने कातरल्यासारखी फुलं,
पांढरी, मधोमध काळ्या मनुकेचा डोळा.
खत घालायचं नाही.
फार पाणी नाही. लाड तर नाहीतच.
लाडाने ती पसरतात, मग मधून उसवतात.

वास लवंगेचा.
एवढ्याशा फुलातून
डबीचं झाकण उडाल्यासारखा.

चार वर्षांपूर्वीच्या तापात
युफीमियाचं नाक गेलं.
चव हळूहळू परतली, मिठापासून सुरुवात करून.
वास नाही.
डॉक्टरांनी चार कुप्या दिल्या, रोज हुंगायला.
तिने त्या हुंगल्या, वर्षभर, प्रामाणिकपणे,
मग धुऊन त्यांत बिया भरल्या.
सांगितलं कुणालाच नाही.
लाखलन असता तर त्याला सांगितलं असतं,
खेकड्यांच्या आमिषाचा वास घेऊन घरात शिरताना
आता तुला मोकळीक, म्हणून.

कुंपणाशी कुणीही थांबलं की ती विचारते,
वास येतोय ना?
लोकांना वाटतं, म्हातारी मिरवतेय.
पोस्टमन म्हणतो, सुरेख.
चर्चच्या बाई म्हणतात, स्वर्गीय.
दोघांनाही ती हसून दाखवते
आणि मनात शून्य मार्क देते.
सुरेख म्हणजे काय? स्वर्गाला कुठे वास असतो?

दुपारी समुद्रावरून धुकं चढतं.
इथल्या बोलीत त्याचं नाव हार.
गळ्यात पडतो तो.
मानायची नसते ती.
अशा ओल्या, थांबलेल्या हवेत
वास जमिनीलगत साचून राहतो,
हे तिला आठवतं, पाढा आठवावा तसं.
तेवढ्यासाठी ती पायरीवर येऊन बसते.

त्या दिवशी धुक्यातून शेजारची सोर्चा आली,
आठ वर्षांची, पुढचे दोन दात नाहीत,
चेंडू शोधत.
गुडघे टेकले, उशीत नाक खुपसलं,
आणि कुणी न विचारताच म्हणाली,
नाताळचं हॅम!
आजी लवंगा टोचते ना वरून, ते.
आणि थोडं... नव्या पुस्तकाची चिकट बाजू.

युफीमिया बराच वेळ काही बोलली नाही.
हॅम तर होतंच.
पण डिंक?
नाक शाबूत होतं तेव्हाही
तिला डिंक कधी सापडला नव्हता.

मग तिने सोर्चाला कोंब काढायला शिकवलं.
चौथ्या वर्षी झाड मधून लाकूड होतं, पोकळ होतं;
वाईट वाटून घ्यायचं नाही.
न फुललेला शेंडा बघायचा,
खालची पानं डाव्या हाताने धरायची
आणि उजव्याने ओढायचं, सरळ,
झटका नाही, दया नाही.
म्यानातून सुटावा तसा तो सुटतो,
बारीक आवाज करून.
मग वाळूत. मग विसरायचं.

पाच लावले. दोन कुजले.
उरलेले तीन सोर्चाच्या खिडकीत, दह्याच्या डब्यांत.

ऑगस्टमध्ये एकाला अवेळी कळी आली.
सोर्चा डबा घेऊन धावत आली,
कुंपणावरून तो युफीमियाच्या तोंडासमोर धरला
आणि विचारलं,
वास येतोय ना?

नाही, युफीमिया म्हणाली.
तू सांग.